तीन मिनिटांची उधारी

मंडळी, एक प्रश्न. चारचौघांत तुमच्या मनगटावरचं घड्याळ तुमच्यावरच ओरडायला लागलं, तर तुम्ही काय कराल? मी काय केलं ते सांगते. मी त्याच्यावर हात ठेवला. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून!

स्थळ : अंदमानातलं स्वराज द्वीप, म्हणजे 2018 पर्यंतचं हॅवलॉक. वेळ : शनिवारची सकाळ, साडेनऊ. भर समुद्रात मी एकटीच तरंगतेय. बडी खाली, ग्रुप खाली, लीडर खाली. मी मात्र बाटलीच्या बुचासारखी टुणकन वर. आणि मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर पिप पिप पिप पिप... स्क्रीनवर खालच्या दिशेचा बाण. अर्थ अगदी सरळ. ‘बाई, तू अजून वर यायचं नव्हतंस. परत जा.’

मी खरंच परत निघाले होते. जॅकेटमधली हवा सोडायचं बटण अंगठ्याखाली आलं होतं. तेवढ्यात बोटीवरून हाक आली, ‘‘ओ ताई! खंय चललंस?’’

घरापासून इतक्या लांब, बंगालच्या उपसागरात, मालवणी! हाक मारणारा दादा मूळचा मालवणचा. स्वतः इन्स्ट्रक्टर, पण त्या सकाळी बोटीवर थांबायची पाळी त्याची होती. मी ओरडून म्हटलं, ‘‘दादा, माझा स्टॉप राहिलाय. तीनच मिनिटं. पटकन जाऊन येते.’’

‘‘खंय जाव नको. आता गप रव,’’ असं म्हणून त्याने दोर फेकला.

ज्यांनी स्कुबा केलेलं नाही, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात फंडा. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे 30 मीटरवर आपण जमिनीवरच्या चौपट दाबात असतो, आणि रेग्युलेटर आपल्याला त्याच दाबाची हवा देतो. आपल्या सिलिंडरमध्ये असते ती साधी हवा. तिच्यातला ऑक्सिजन शरीर वापरतं. उरलेला जवळजवळ चार पंचमांश भाग नायट्रोजनचा. तो काही कामाचा नसतो, पण दाबामुळे रक्तात, स्नायूंत, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका जास्त.

वर येताना दाब कमी होतो आणि या नायट्रोजनला बाहेर पडायचं असतं. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की फस्सकन बुडबुडे. बाटलीतला गॅस आधीही होताच, फक्त दिसत नव्हता. सावकाश वर आलात तर नायट्रोजन श्वासावाटे गुपचूप निघून जातो. घाई केलीत तर रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे. यालाच डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. डायव्हर लोकांच्या भाषेत ‘बेंड्स’.

म्हणून प्रत्येक खोलीला वेळेची मर्यादा असते. पॅडीच्या प्रचलित तक्त्यात 18 मीटरला 56 मिनिटं, 30 मीटरला फक्त 20. या मर्यादेत राहिलात तर सावकाश, न थांबता वर यायला हरकत नसते. तरीही 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायची पद्धत आहे. हा सेफ्टी स्टॉप. पण मर्यादा ओलांडलीत, तर वाटेत ठरावीक खोलीवर ठरावीक मिनिटं थांबावंच लागतं. हा डीको स्टॉप. हॉटेलच्या भाषेत सांगायचं तर सेफ्टी स्टॉप म्हणजे टीप आणि डीको स्टॉप म्हणजे बिल. टीप राहिली तर वेटर फार तर तोंड वाकडं करेल. बिल बुडवलंत तर तो दारापर्यंत मागे येणारच!

(तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला 8-10 मीटरवर अर्धा तास मासे बघून आलेल्यांनी लगेच गूगल करत बसू नका. तेवढ्या खोलीत हे बिल होत नाही. तिथे पाळायचा नियम वेगळा आणि फार महत्त्वाचा : श्वास रोखून वर यायचं नाही. बस्स.)

ही थांबत थांबत वर यायची आयडिया आली कुठून? जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाकडून. ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांसाठी त्याने आणि बॉयकॉट, डॅमंट या सहकाऱ्यांनी बंद टाकीत दाब वाढवून-कमी करून प्रयोग केले. कुणावर? बकऱ्यांवर! दाब घाईने उतरवला की बकरी पुढचा पाय उचलून लंगडायची. त्यातून 1908 मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे पहिले पद्धतशीर तक्ते आले. आज आपल्या मनगटावरचा कॉम्प्युटर जे गणित दर सेकंदाला करतो, त्याचा मूळपुरुष हाच. त्याचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन याने पुढे दाबाच्या टाकीत बसून स्वतःवरच प्रयोग केले. तो 1957 मध्ये भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला. म्हणजे बंगालच्या उपसागराशी या घराण्याचं थोडंफार नातं आहेच.

आता माझा पोपट कसा झाला ते.

एकच मोठी चूक झाली असती तर निदान सांगायला तरी बरं वाटलं असतं. माझ्या तीन होत्या आणि तिन्ही फुटकळ. पहिली : 30 मीटरवर बाराकुडांचा भलामोठा थवा गोल फिरत होता. कॉम्प्युटरवरची मिनिटं शून्यावर आली, तरी मी म्हटलं, अजून दोनच फोटो. शून्याच्या पुढे गेलं की कॉम्प्युटर बिल छापायला लागतो. वर निघाले तेव्हा माझं बिल होतं चार मिनिटांचं.

दुसरी : सकाळी मी वेट बेल्टमधलं एक किलो वजन काढून ठेवलं होतं. का? कमी वजन लावणारे डायव्हर भारी समजले जातात म्हणून! आदल्या दिवशी कुणीतरी ‘एवढं वजन?’ म्हणालं होतं. ते मला लागलं होतं.

तिसरी चूक म्हणजे सिलिंडरचा स्वभाव विसरले. भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेला स्वतःचं वजन असतं, चांगलं अडीच किलोच्या आसपास. डायव्ह संपत आला की हे वजन गेलेलं असतं आणि ॲल्युमिनियमचा रिकामा होत आलेला सिलिंडर पाण्यात वर ओढायला लागतो. म्हणजे स्टॉपच्या वेळी, जेव्हा एका जागी स्थिर राहायचं असतं, नेमकं तेव्हाच आपण सगळ्यात हलके असतो. त्यात मी एक किलो आधीच कमी केलेलं.

5 मीटरवर एक मिनिट कसंबसं काढलं. मग वरून एक मोठी लाट गेली, मी मीटरभर वर सरकले. वर सरकले म्हणून जॅकेटमधली हवा फुगली. हवा फुगली म्हणून अजून वर. हवा सोडायचं बटण सापडेपर्यंत डोकं पाण्याबाहेर. चारपैकी तीन मिनिटं उधार!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अजून पाण्यातच असताना लक्षात आलं, स्टॉपच्या थोडंसं वर सरकलोय एवढंच झालं, तर लगेच श्वास सोडत, जॅकेट रिकामं करत परत त्या खोलीवर जायचं, नांगराचा दोर असेल तर तो धरायचा आणि उरलेला वेळ पूर्ण करायचा. सिलिंडरमध्ये हवा असेल तर वर आणखी काही मिनिटं. कॉम्प्युटर नसेल आणि तक्त्याची मर्यादा ओलांडली असेल, तर पॅडीचा नियम असा : 5 मिनिटांपर्यंत ओलांडली असेल तर 5 मीटरवर 8 मिनिटं थांबा आणि मग 6 तास पाण्यात जाऊ नका. त्याहून जास्त ओलांडली असेल तर हवा पुरेल तसं निदान 15 मिनिटं थांबा आणि 24 तास डायव्हिंग बंद.

पण एकदा डोकं पाण्याबाहेर आलं की खेळाचे नियम बदलतात. तुमच्या-माझ्यासारख्या हौशी डायव्हरसाठी नियम एकच : परत खाली जायचं नाही.

मला हे पटत नव्हतं. ऑफिसात मेलला अटॅचमेंट राहिली तर आपण लगेच दुसरी मेल पाठवतो ना? तसंच हे. तीन मिनिटं राहिली, तीन मिनिटं भरून टाकू. हिशेब पूर्ण!

दादाने बोटीवर माझ्या पाठीवरचा सिलिंडर काढता काढता मला तीन प्रश्न विचारले. ‘‘तुझी हवा किती उरली?’’ 40 बार. ‘‘तुझी बडी कुठे?’’ खाली. ‘‘आणि खाली गेल्यावर चक्कर आली, पायांतली ताकद गेली, तर तुला वर कोण आणणार?’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चौथं कारण मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. वर आल्यावर शिरांत बुडबुडे तयार झाले असतील तर त्यातले बहुतेक फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीत अडकतात आणि तिथून हळूहळू श्वासावाटे निघून जातात. आपण परत खाली गेलो तर दाबामुळे ते आकसतात. आकसलेले बुडबुडे जाळीतून निसटून पलीकडे जाऊ शकतात. तिथून धमन्या, तिथून मेंदू. म्हणजे चूक दुरुस्त करायला गेलो आणि जी भानगड होणार नव्हती तीही होऊन बसली!

मग तो बाण? काही कॉम्प्युटर वर आल्यावरही थोडा वेळ ‘परत खाली जा’ म्हणत राहतात. अमेरिकन नौदलाच्या पद्धतीतही पृष्ठभागावर येऊन एक मिनिटही झालं नसेल तर पाणबुड्याला परत स्टॉपवर पाठवायची तरतूद आहे. पण तिथे वर सुपरवायझर असतो, संपर्क असतो, हवेचा पुरवठा असतो, मदतीला माणसं असतात. मी होते एकटी, 40 बारवर आणि घाबरलेली. मनगटावरच्या त्या डब्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला फक्त खोली आणि वेळ कळते.

बोटीवर दादाने हिरवी बॅग उघडली आणि ऑक्सिजनचा मास्क पुढे केला. मी म्हटलं, ‘‘दादा, मला काहीच होत नाहीये.’’

‘‘होत नसतानाच लावायचा असतो,’’ तो म्हणाला.

का, ते सांगते. शुद्ध ऑक्सिजन घेताना फुप्फुसांत बाहेरून येणारा नायट्रोजन जवळजवळ शून्य होतो. बाहेर जागा रिकामी, त्यामुळे आतला नायट्रोजन भराभर निघायला लागतो. शिवाय जिथे बुडबुड्याने रक्त अडवलंय, तिथल्या पेशींना थोडा जास्त ऑक्सिजन पोचतो. डीको स्टॉप बुडाल्यावर पृष्ठभागावर करता येण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम हेच. बाकी मग आडवं पडायचं, पाणी प्यायचं, शांत राहायचं आणि लक्ष ठेवायचं. आणि निदान 24 तास पाण्याकडे फिरकायचं नाही.

अर्धा तास मी मास्क लावून पडले. ग्रुप वर आला. सगळे बाराकुडांबद्दल बोलत होते आणि मधूनच माझ्याकडे बघत होते. कुणीतरी ‘काय झालं?’ विचारलं. मी मास्क काढला आणि हसून म्हटलं, ‘‘काही नाही रे. जरा लवकर वर आले.’’ मास्क परत लावला नाही. सिलिंडरमध्ये अजून ऑक्सिजन होता. दादा दोनदा म्हणाला, मी दोनदा ‘ठीक आहे’ म्हटलं.

मंडळी, ‘काही नाही रे’ हे त्या दिवसातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य होतं. सरकलेल्या लाटेपेक्षाही.

संध्याकाळी सातच्या सुमाराला डावं कोपर ठणकायला लागलं. फार नाही. दाढ दुखते तसं, आतल्या आत. वर प्रचंड थकवा. डोक्याने लगेच कारणं पुरवायला सुरुवात केली. कॅमेरा धरला होता. बोटीवर चढताना हात ओढला गेला असेल. उन्हात होते. वय झालं (वय वर्षं 29!). कोपर कसंही ठेवलं तरी तेवढंच दुखत होतं, दाबलं तरी वाढत नव्हतं. स्नायूचं दुखणं असं नसतं हे कोर्समध्ये शिकवलेलं मला चांगलं आठवत होतं. तरीही मी पर्समधून पेनकिलर काढून हातात घेऊन बसले होते. ती गोळी घेतली नाही हे नशीबच. दुखणं लपलं असतं, बुडबुडे तिथेच राहिले असते.

माझ्या बडीने, म्हणजे कॉलेजपासूनच्या मैत्रिणीने, जेवताना विचारलंच, ‘‘काय गं, कोपर का चोळतेयस?’’

‘‘काही नाही गं.’’

का लपवलं मी? खरं सांगू? भीती आजाराची नव्हतीच. रविवारी दुपारचं फ्लाइट होतं. सोमवारी दहा वाजता क्लायंटसमोर डेमो होता आणि तो मीच द्यायचा होता. चार जणांनी ट्रिपसाठी पैसे साठवले होते. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे लाज. एक किलो वजन काढून ठेवणारी शहाणी, असं सगळे म्हणतील म्हणून. डायव्हर लोकांत एक जुना विनोद आहे, बेंड्सचं पहिलं लक्षण म्हणजे ‘मला बेंड्स झालेलेच नाहीत’ असं वाटणं. कोर्समध्ये हे ऐकून मी जाम हसले होते.

दहा वाजता करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या. तेव्हा मात्र हवा टाइट! नुसतं दुखणं वेगळं, मुंग्या म्हणजे मज्जातंतूंपर्यंत मामला गेला. मी बडीला उठवलं, तिने दादाला फोन केला. पाच मिनिटांत तो बॅग घेऊन दारात. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तो फक्त म्हणाला, ‘‘सांगितलंस ना, आता निम्मं काम झालं.’’

डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. रात्री बोट सुटणार नव्हती. ऑक्सिजन चालू ठेवा, आडवं राहा, पाणी प्या, दर तासाला हातापायांची ताकद बघा, पहाटेच्या पहिल्या बोटीने निघा. बडी रात्रभर जागी. दर तासाला ‘माझी बोटं दाब’, ‘डोळे मिटून उभी राहा’, ‘लघवीला झाली का’ असे प्रश्न. (शेवटचा प्रश्न चेष्टेचा नाही. पाठीच्या कण्यावर परिणाम झाला तर तेही अडू शकतं.)

सकाळी दोनेक तासांचा समुद्रप्रवास करून श्री विजयपुरमला, म्हणजे 2024 पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला पोचलो. तिथे नौदलाच्या रुग्णालयात रीकम्प्रेशन चेंबर आहे. लोखंडी नळकांड्यासारखी खोली, आत बाक, गोल खिडकी. दार लागतं, दाब वाढतो, कान फुटतील की काय असं वाटतं, आणि आपण कोरडेच 18 मीटर ‘खाली’ जातो. तिथे मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन. 20 मिनिटं ऑक्सिजन, 5 मिनिटं साधी हवा, पुन्हा 20 मिनिटं. मधली सुट्टी एवढ्यासाठी, की दाबाखाली सलग शुद्ध ऑक्सिजन घेतला तर झटके येऊ शकतात. मग 9 मीटरवर आणून लांबलचक ऑक्सिजन. सगळं मिळून 4 तास 45 मिनिटं. अमेरिकन नौदलाचं ‘ट्रीटमेंट टेबल 6’ म्हणून हे जगभर वापरलं जातं.

पहिल्या 20 मिनिटांतच कोपराचं दुखणं गेलं. कुणीतरी बटण बंद करावं तसं. मुंग्या जायला दोन दिवस लागले.

आत जाण्याआधी माझी माहिती लिहून घेणाऱ्याने विचारलं होतं, ‘‘त्रास कधी सुरू झाला?’’

‘‘सात वाजता.’’

‘‘सांगितलं कधी?’’

‘‘दहा.’’

त्याने काहीही न बोलता दोन्ही वेळा एकाखाली एक लिहिल्या. आजवर माझ्या कुठल्याही अप्रेझलला मला इतकं वाईट वाटलेलं नाही. समुद्राची उधारी तीन मिनिटांची होती, तीन तासांची उधारी मी स्वतः चढवली होती.

घरी परतल्यावर या विषयावरचं हाती लागेल ते वाचत सुटले. त्यात एक प्रसंग डोक्यातून जात नाही. ऑक्टोबर 1992. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात, सुमारे 70 मीटर खोल, दुसऱ्या महायुद्धातली एक जर्मन पाणबुडी बुडालेली होती. ती यू-869 आहे हे 1997 मध्ये निश्चित झालं. क्रिस राउझ आणि त्यांचा मुलगा क्रिसी, दोघेही अनुभवी डायव्हर, तिच्यात उतरले. आत सामान कोसळून मुलगा अडकला. वडिलांनी त्याला सोडवलं, पण त्यात वेळ गेला, वाट चुकली, आणि दोघे एकही स्टॉप न घेता थेट वर आले. बिल तासाभराहून मोठं होतं. वडील बोटीवरच गेले. मुलगा काही तासांनी, चेंबरमध्ये उपचार चालू असताना.

माझ्या तीन मिनिटांची त्यांच्याशी बरोबरी करायचा वेडेपणा मी करणार नाही. पण वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. त्या दोघांपुढे पर्यायच उरला नव्हता. माझ्याकडे पर्याय होते. बोटीवर ऑक्सिजन होता, शेजारी मैत्रीण होती, फोनला रेंज होती. फक्त तोंड उघडायचं होतं.

त्या रविवारी चेंबरबाहेर आल्यावर मी सरांना फोन केला. विमानात केबिनमधला दाब कमी असतो, त्यामुळे उपचारानंतर मला 72 तास विमान बंद होतं. दोन दिवस मनात घोळवलेलं भाषण तयार होतं. पहिलं वाक्य संपायच्या आत सर म्हणाले, ‘‘डेमो गुरुवारी करू. तू आधी नीट हो. आणि काल रात्रीच का नाही सांगितलंस?’’

झालं. ज्या गोष्टीसाठी मी माझी दोन बोटं पणाला लावली होती, ती एका फोनमध्ये तीन दिवस पुढे गेली!

ज्यांचा पुढचा लाँग वीकेंड पाण्याखाली जाणार आहे, त्यांनी हे कापून डायव्ह बॅगेत ठेवा :

• स्टॉप चुकतोय हे पाण्यातच कळलं तर लगेच त्या खोलीवर परत जा, वेळ पूर्ण करा, हवा असेल तर थोडा जास्त थांबा.

• डोकं पाण्याबाहेर आलं तर परत खाली जाऊ नका. बोटीवरच्या माणसाला मोठ्याने सांगा, ‘माझा डीको स्टॉप राहिलाय.’ किती मिनिटं, किती खोली, तेही सांगा.

• काही होत नसलं तरी शुद्ध ऑक्सिजन लावा आणि मध्येच लाजून काढू नका. बोट सुटण्याआधीच विचारा, ऑक्सिजन आहे का आणि किती मिनिटांचा? मिनिटाला 15 लिटरने 2000 लिटर सव्वादोन तासही पुरत नाहीत.

• दारू नाही, मालिश नाही, व्यायाम नाही, पेनकिलर नाही. भरपूर पाणी.

• सांधेदुखी, अंगाला खाज किंवा चट्टे, विचित्र थकवा, मुंग्या, चक्कर, पाय लटपटणं, लघवी अडणं... यातलं काहीही झालं तर डॉक्टर. लक्षणं बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत दिसतात, पण दुसऱ्या दिवशीही येऊ शकतात.

• निदान 24 तास डायव्हिंग बंद. विमानाचं म्हणाल तर, डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या शिफारशीनुसार मर्यादेतल्या एका डायव्हनंतर 12 तास, अनेक डायव्हनंतर 18 तास आणि डीको डायव्हनंतर 18 तासांहून बरेच जास्त थांबायचं. स्टॉप चुकला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बोर्डिंग पास काढूच नका.

• जाण्याआधी सगळ्यात जवळचं चेंबर कुठे आहे ते माहीत करून घ्या. डायव्हिंगचा विमा काढा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत हे असेलच असं नाही.

• आणि हो, ते एक किलो बेल्टमध्येच राहू द्या. डायव्ह संपताना, सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना, 5 मीटरवर स्थिर राहता येईल इतकं वजन हवंच.

डॉक्टरांनी मला चार आठवडे सुट्टी दिली होती. मी तीन महिने घेतली. त्यानंतर पहिल्यांदा पाण्यात उतरले ते मालवणला, 10 मीटरवर, वजन पूर्ण लावून. स्टॉपची काही सक्ती नव्हती. तरीही 5 मीटरवर दोर धरून तीन मिनिटं थांबले. समोर एक छोटा पोपटमासा दगड कुरतडत होता. आवाज येत होता, कुरुम कुरुम. म्हटलं, ही तीन मिनिटं तशी काही वाईट नसतात!

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोवर सावकाश वर या.